एमएच-०७ ची स्विफ्ट, भाव कमी, मालक बोटीवर. घ्यावी का?

बेतकीकार

नमस्कार मंडळी. मी रोज फोंड्याहून वेर्ण्याला बाइकवरून कामाला जातो. बोरीच्या पुलावरचा जुलैतला आडवा पाऊस ज्याने खाल्लाय त्याला गाडी का हवी हे सांगायला नको. शिवाय घरात आता दीड वर्षाचं पोर आहे. बजेट चार लाखांपर्यंत, कर्ज काढायचं नाही.

ऑनलाइन जाहिरातीत एक स्विफ्ट मिळाली. २०१९ ची, पेट्रोल, नंबर सिंधुदुर्गचा, एमएच-०७. मीटरवर ४१ हजार. मागतायत ३ लाख ३५ हजार. त्याच वर्षाच्या बाकीच्या जाहिराती पाहिल्या तर साडेचारच्या खाली कोणी बोलत नाही. गाडी म्हापशात कदंब स्टँडच्या मागे रस्त्यावर दाखवली. घरी बोलावलं नाही. दाखवणारा म्हणतो मी मालकाचा मावसभाऊ. मालक सावंतवाडीचा, बोटीवर नोकरीला, सहा महिने तरी येणार नाही. फॉर्मवर सह्या करून गेलाय म्हणे. "एमएच नंबर गोव्यात वर्षभर आरामात चालतो, ट्रान्स्फर सावकाश करा" असं वर.

आरसीचा फोटो पाठवला, पण फक्त पुढच्या बाजूचा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला तर सगळं व्यवस्थित: विमा चालू, पीयूसी चालू, कर्जाचा बोजा नाही. गाडी चालवून पाहिली, मला तरी छान वाटली. आता तो रोज फोन करतोय. कारवारची पार्टी बघायला येणार आहे म्हणतो, आज २० हजार इसार टाका म्हणजे थांबवतो.

वडील म्हणतात घेऊन टाक, इतकी स्वस्त परत मिळणार नाही. बायको म्हणते इतकी स्वस्त का, ते आधी विचार. मी मध्ये अडकलोय. जाणकारांनी सांगावं.

निवृत्त सर्व्हेअर, म्हापसा

इसार देऊ नकोस. एवढं केलंस की बाकीचं चहा घेत वाचलंस तरी चालेल.

मी विमा कंपन्यांसाठी मोटर सर्व्हेअर म्हणून काम करत होतो. ठोकलेल्या, बुडालेल्या, जळालेल्या गाड्या बघण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगतो.

ॲपवर सगळं व्यवस्थित दिसतं, त्याचा अर्थ समजून घे. ॲप तुला त्या नंबरची माहिती देतं. म्हापशाला उभी केलेली गाडी त्याच नंबरची आहे का, हे ॲपला कळायला मार्ग नाही. चोरीच्या गाड्या विकणारे आता खोटा नंबर लावत नाहीत, खरा लावतात. तो कुठून आणतात ते सांगतो. अपघातात किंवा पुरात गाडीचा दुरुस्ती खर्च विम्याच्या रकमेच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की ती टोटल लॉस धरतात. मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा सॅल्व्हेज म्हणून विकला जातो. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करायला हवी, असं मोटार वाहन कायदाच सांगतो. कळवणारे किती, ते आरटीओच्या शिपायालाही माहीत आहे. मग तो सांगाडा आरसीसकट भंगारात जातो. एखादा इसम सांगाडा घेतो तो पत्र्यासाठी नाही, आरसीसाठी. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी दुसऱ्या राज्यातून उचलायची, सांगाड्याचा चॅसी नंबर, म्हणजे पत्र्यावर ठोकलेला गाडीचा ओळख क्रमांक, तिच्यावर चढवायचा, की कागद खरे, विमा खरा, ॲप खरं. गाडी तेवढी दुसऱ्याची.

म्हणून कागद बघायच्या आधी चॅसी नंबर बघ. तो कुठे ठोकलेला आहे ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. काही गाड्यांत इंजिनामागच्या पत्र्यावर, काहींत पुढच्या सीटखाली गालिचा उचलला की दिसतो. १७ अक्षरं-आकडे असतात. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, शून्य आणि एकाशी गल्लत होऊ नये म्हणून. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांचा नंबर एमए३ ने सुरू होतो, टाटाचा एमएटी ने, ह्युंदाईचा एमएएल ने. ओ दिसला तर ठोकणाऱ्याला शाळेत परत पाठव आणि तू घरी जा.

आता पेन्सिलचं काम. आधी चिंधीला जरा डिझेल लावून ती जागा स्वच्छ पूस. मग पातळ कागद नंबरावर दाबून धर आणि मऊ पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने फिरव. कंपनीचे अंक मशीनने ठोकलेले असतात. एका रेषेत, सारख्या अंतरावर, सारख्या खोलीचे. हाताने ठोकलेला नंबर डुलतो. एखादा आकडा खोल जातो, एखादा जेमतेम उमटतो. मूळ नंबर घासून काढला असेल तर डोळ्याला गुळगुळीत वाटणाऱ्या पत्र्यावर कागदात बारीक रेघांचं जाळं येतं. एका गाडीत मला नव्या ३ च्या पाठीमागे जुन्या ८ ची डावी कमान स्पष्ट दिसली होती. मालक शेजारी उभा होता, त्याचा घसा एकदम कोरडा पडला. बिचारा खराच फसलेला होता, त्याने ती गाडी बाहेरगावाहून घेतलेली.

दुसरी युक्ती याहून वाईट. नंबर घासतच नाहीत. सांगाड्यातला नंबराचा अख्खा तुकडा कापून चोरीच्या गाडीत वेल्ड करतात. तिथे पेन्सिल काही सांगणार नाही, कारण अंक अस्सल असतात. तिथे नंबराच्या आजूबाजूला हात फिरव. कंपनीचं सीलंट इतक्या वर्षांत कडक होऊन पिवळसर पडतं. ताजं असेल तर नखाने दबतं. आजूबाजूचा रंग नवा आणि जाड असेल, तर २०१९ च्या गाडीत नेमक्या त्याच जागी रंग का लावावा लागला, हा प्रश्न विचार.

हे तुला जमेल न जमेल. सोपा रस्ता म्हणजे गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायची. मालकाच्या संमतीने त्यांच्याकडे चॅसी नंबरवरून जुन्या सर्व्हिसिंगची नोंद निघते: कधी आली, मीटर किती होता, काय बदललं. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावला की ईसीयूमधूनही, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधूनही, चॅसी नंबर वाचता येतो. पत्र्यावरचा एक आणि ईसीयूतला दुसरा निघाला तर गप्पपणे बाहेर ये आणि पोलिसांना कळव. तिथेच भांडत बसू नकोस.

शिवाय सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढ. मुळाशी शिवलेल्या लेबलावर तो कधी बनला ते असतं. २०१९ च्या गाडीत पट्टा २०२२ चा असेल तर एक तर जोरात ठोकलेली आहे, नाही तर ती २०१९ ची नाहीच. काचांवरची वर्षाची खूणही जुळवून बघ. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट कंपनीकडूनच येते आणि ती बसवायचे स्नॅप लॉक एकदा निघाले की परत लागत नाहीत. प्लेट साध्या स्क्रूवर असेल तर का ते विचार. आणि दोन्ही किल्ल्या माग. एकच किल्ली, तीही बाजारात कापलेली, म्हटलं की मी तरी पुढे जात नाही.

एनसीआरबी, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारी केंद्र सरकारची संस्था, तिची सोय पण आहे. पोलिसांच्या डिजिटल नागरिक सेवेच्या संकेतस्थळावर नंबर, चॅसी आणि इंजिन नंबर टाकलास की ती गाडी चोरीच्या नोंदीत आहे का याचा अहवाल मिळतो. काढच. पण परत तेच: पत्र्यावरचा नंबर टाक, आरसीवरचा नको. आणि फिर्याद नोंदलीच गेली नसेल तर अहवाल स्वच्छच येणार.

आता तुझ्या वडिलांसाठी. चोरीची वस्तू विकत घेतली तर ती आपली होत नाही. विकणाऱ्याकडे नसलेला हक्क तो तुला देऊ शकत नाही, हे १९३० चा वस्तुविक्री कायदा सांगतो. गाडी जाते, पैसे जातात. वर भारतीय न्याय संहितेचं ३१७ कलम आहे. चोरीची आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून ती अप्रामाणिकपणे घेतली, तर घेणाराही गुन्हेगार. लाखभर रुपये स्वस्त, मालक गायब, व्यवहार रस्त्यावर. उद्या प्रसंग आलाच तर यातली एकेक गोष्ट पोलिस तुझ्याचसमोर मांडतील आणि विचारतील, तुला संशय का आला नाही?

पात्रांव कुडतरी

सर्व्हेअर साहेब, एवढं बघत बसलो तर सालसेतीत कोणीच जुनी गाडी घेणार नाही. आमच्याकडे अर्धा गाव इंग्लंडला आणि गल्फात. गाड्या भावाकडे, मेव्हण्याकडे. सही केलेल्या फॉर्मवरच विकल्या जातात. मी स्वतः एक गाडी चार वर्षं दुसऱ्याच्या नावावर चालवली, काही झालं नाही.

निवृत्त सर्व्हेअर, म्हापसा

पात्रांव, काही झालं नाही कारण तुम्ही कोणाला ठोकलं नाही. ठोकलं असतं तर नुकसानभरपाईची नोटीस आरसीवरच्या माणसाला, लंडनला गेली असती. नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्वच्छ सांगितलंय. तिथे गाडी एकामागून एक अशी बऱ्याच हातांतून गेली होती, तरी जबाबदारी कागदावरच्या मालकाकडेच राहिली. म्हणजे सही करून निघून जाणारा विकणारा जास्त वेडा.

घेणाऱ्याचं नुकसान वेगळं. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपल्या नावावर करून घ्यायला १४ दिवसांत विमा कंपनीला कळवावं लागतं. नाही कळवलं आणि झाड पडलं, तर क्लेम कोणाच्या नावे करणार? मी असे क्लेम नाकारलेत आणि शिव्याही खाल्ल्यात. आणि नो क्लेम बोनस (क्लेम केला नाही म्हणून हप्त्यात मिळणारी सूट) हा माणसाचा असतो, गाडीचा नाही. विकणारा "५० टक्के बोनस आहे पॉलिसीवर" म्हणाला तर ऐकून सोडून द्या.

फॉर्मचं थोडक्यात सांगतो. २९ नंबर विकणाऱ्याने आरटीओला द्यायची सूचना, राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, राज्याबाहेर ४५ दिवसांत. ३० नंबर हा नाव बदलायचा अर्ज. राज्याबाहेरच्या गाडीला त्याआधी २८ नंबर, म्हणजे मूळ आरटीओची एनओसी. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि ३५ नंबर. कर्ज फिटलं तरी आरसीवरचा बोजा आपोआप निघत नाही, तो काढून घ्यावा लागतो.

बेतकीकार, तुझ्या बाबतीत एनओसी ओरोसहून सिंधुदुर्गच्या आरटीओकडून यायला हवी. मग गोव्याचा रोड टॅक्स भरून जीए नंबर. तो खर्च आधी किमतीत धर. वर्षभर चालतं म्हणतो ते अर्धंच खरं. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो, हा तो नियम. नाव बदलायला वर्ष आहे असा त्याचा अर्थ नाही. तुझी मुदत ३० दिवसांची.

मालक बोटीवर आहे तर असू दे. पण त्याने तुला व्हिडिओ कॉल करावा, हातात आधार कार्ड धरून. आरसीवरची सही आणि फॉर्मवरची सही बाजूबाजूला ठेवून बघ. मावसभावाकडे मुखत्यारपत्र आहे का विचार. पैसे आरसीवर ज्याचं नाव त्याच्याच बँक खात्यात. भावाच्या, बायकोच्या, मित्राच्या नाही. आणि सगळे रोख दे म्हणाला तर सांग की २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानेच मनाई आहे.

साखळीची सून

सर्व्हेअर काकांनी चोरीचं सांगितलं, मी पाण्याचं सांगते. २०२१ च्या जुलैत वाळवंटीचं पाणी आमच्याकडे कसं चढलं ते इथल्या लोकांना ठाऊक आहे. सत्तरी, डिचोली, पेडणे, सगळीकडे तीच गत. त्याच आठवड्यात चिपळूण बुडालं. त्याआधी २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर आणि सांगली. त्या गाड्या काही सगळ्या भंगारात गेल्या नाहीत. धुऊन, वाळवून, अत्तर मारून कुठे ना कुठे विकल्या गेल्या. तुमची गाडी घाटावरून आली असेल तर हे जास्तच बघा.

मी गेल्या वर्षी दिरासाठी एक गाडी बघायला गेले होते. बाहेरून चकाचक. आत शिरल्यावर इतका वास की डोकं दुखायला लागलं, लिंबाच्या सुगंधाच्या दोन बाटल्या टांगलेल्या. एवढा वास कोण मारतं? मी सरळ ड्रायव्हर सीट पूर्ण मागे सरकवली आणि मोबाइलचा टॉर्च मारला. सीटच्या रुळांचे बोल्ट लाल गंजलेले. आपल्या खाऱ्या हवेत गाडी खालून गंजते, पण सीटखाली आत, गालिच्यावर, इतका गंज कशाने येईल? मग डिकीतली स्टेपनी उचलली. खालच्या खळग्यात कोपऱ्यात वाळलेला गाळ, बोटाने उकरला तर तुकडा निघाला. गाळ आपल्याकडचा लाल नव्हता, काळा होता. विकणारा म्हणाला वहिनी, मासळी आणायचे हो त्यात. मी म्हटलं मासळीला गाळ चिकटून येतो होय?

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो तिथे पाण्याची रेघ राहते. तो भाग कोणी धूत नाही. आणि बुडालेल्या गाडीचं इंजिन पहिल्या दिवशी छान चालतं, नंतर वायरिंग त्रास देतं. काच खाली जाते आणि वर येत नाही, पॉवर स्टीअरिंगचा दिवा लागतो, असं एकेक. म्हणून सगळी बटणं दाबून बघा, मागच्या काचांचीसुद्धा. लाज वाटून घेऊ नका.

मेस्त, कुडचडे

गॅरेजवाल्याचे चार शब्द. मोबाइलवर टायपतोय, चुका काढू नयेत.

बेतकीकार, तू गाडी चालवून बघितलीस तेव्हा इंजिन गरम होतं की थंड? कदंब स्टँडपर्यंत ती चालत आलेली, म्हणजे गरम. गरम इंजिनात सगळे रोग झाकतात. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना बघायचं असतं. बोनेटवर हात ठेव, कोमट लागली तर उद्या येतो म्हणून सांग. सुरू झाल्याबरोबर मागे निळा धूर आला तर ऑइल जळतंय. पांढरी वाफ सकाळी थोडी असतेच, पण ती गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. ऑइल भरायचं झाकण उघड, आतून दुधाळ साय दिसली तर पाणी ऑइलात मिसळतंय. क्लच बघायचा तर चढावर तिसऱ्या गियरमध्ये जोरात पळव. आवाज वाढला, गाडी नाही वाढली, तर प्लेट गेली. हा खर्च काढून किंमत बोल.

मीटरवर विश्वास ठेवू नको. मीटर फिरवणारा तासाभरात काम करतो. ४१ हजारावर क्लच-ब्रेकच्या पॅडलचं रबर गुळगुळीत होत नाही, स्टीअरिंगची कातडी चकाकत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. ४१ हजार चाललेल्या गाडीला तिसरा सेट टायर लागलेला असेल तर मनात हिशेब कर.

गोव्याची खास भानगड म्हणजे भाड्याच्या गाड्या. परवानावाल्या रेंटच्या गाडीला काळी प्लेट, पिवळे आकडे. ती ओळखता येते, आणि पुढे पांढऱ्या प्लेटवर केली तरी जुन्या नोंदीत दिसते. खरी पंचाईत घरगुती गाडी गुपचूप पर्यटकांना भाड्याने देणाऱ्यांची. कागदावर एक मालक, घरगुती वापर. हकीकतीत तीन सीझन बागा-कळंगुट, रोज नवा हात, रिव्हर्समध्ये ठोकणं, हाफ क्लचवर घाट चढणं. आणि वाळूत घातलेली. खालून बघा. दरवाजाखालची पट्टी, चाकाच्या कमानीची आतली कड, सायलेन्सरचा जोड. किनाऱ्यावरची गाडी आतून कुरतडलेली असते. वरून काळा अंडरकोट ताजा मारलेला दिसला तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भद्द करतो. रॅम्पवर चढवल्याशिवाय हे दिसत नाही, म्हणून गॅरेजला नेऊ देत नाही म्हणणाऱ्याला नमस्कार करायचा.

आमच्या भागात आणखी एक, खाणीच्या रस्त्यावर चाललेल्या गाड्या. लाल धूळ एअर फिल्टरच्या डब्यात, दरवाज्याच्या रबराच्या आत, बोनेटच्या बिजागरीत जाऊन बसते, कितीही धुतली तरी. लोअर आर्म आणि बुश संपलेले असतात. पण अशी गाडी मी वाईट म्हणणार नाही, कामं करून घेतली तर चालते. गंजलेली मात्र नको. सस्पेन्शन बदलता येतं, पत्रा नाही.

बिजागरीवरून आठवलं. बोनेटचे आणि पुढच्या मडगार्डचे बोल्ट बघ. कंपनीच्या रंगावर पाना लागला की कोपऱ्यांचा रंग उडतो. मडगार्डचा एखादा बोल्ट खोललेला असला तर काही नाही, आपल्याकडे गल्लीबोळांत घासतंच. पण रेडिएटरच्या मागचे दोन लांब दांडे वाकवून सरळ केलेले दिसले, किंवा छताच्या खांबाला लांबी (पुट्टी) भरलेली असली, तर ती गाडी सोड. चुंबक घेऊन जा, फ्रिजवरचा पण चालेल. लांबी जाड असेल तिथे चिकटत नाही.

बेतकीकार

देव बरें करूं सगळ्यांचं. आता पुढची हकीकत.

इसार दिला नाही. त्याऐवजी दोन गोष्टी मागितल्या, मालकाचा व्हिडिओ कॉल आणि सर्व्हिस सेंटरला गाडी. मला वाटलं आता हा फोनच उचलणार नाही. पण दुसऱ्या दिवशी रात्री खरंच कॉल आला. मागे बोटीची केबिन, हातात आधार कार्ड, चेहरा आणि नाव जुळतंय. गाडीचं विचारलं तर शोरूमपासून सगळं सांगितलं, दुसरी किल्ली सावंतवाडीला आईकडे आहे म्हणाला. एनसीआरबीचा अहवाल स्वच्छ. पेन्सिल फिरवली, अंक एका रेषेत. म्हणजे चोरीची नाही असं दिसतंय.

मग सर्व्हिस सेंटर. चॅसी नंबर जुळला. पण नोंदीत २०२२ च्या डिसेंबरला मीटर ६८ हजार! आज ४१. मावसभावाला विचारलं तर म्हणतो मीटर बिघडला होता, बदलला. बिल दाखव म्हटलं तर बिल नाही. मालकाला परत कॉल केला, त्याला यातलं काही माहीतच नाही. तो बोटीवर असताना गाडी हा मावसभाऊच चालवत होता. कुठे आणि कशाला, ते दोघांनीही सांगितलं नाही. काउंटरवरचा मुलगा मात्र हळूच म्हणाला, मागच्या दोन सीझनला ही गाडी हरमल भागात बरीच दिसायची.

आता भाव २ लाख ९० पर्यंत आलाय. मोह होतोय, खोटं कशाला बोलू.

निवृत्त सर्व्हेअर, म्हापसा

म्हणजे तुझ्या बायकोच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

हिशेब कर. २०२२ अखेरला ६८, त्यानंतर भाड्याने पळवली तर आज लाखाच्या पुढेच असणार. लाखभर चाललेल्या, किनाऱ्यावर वापरलेल्या, परराज्यातल्या गाडीला २ लाख ९० ही काही स्वस्ताई नाही. वर रोड टॅक्स, टायर, क्लच. खरा मालक प्रामाणिक दिसतो, त्याला तेवढं सांगून टाक की तुझ्या गाडीचं काय चाललंय. त्याच्या नावावर एखादा पर्यटक कोणाला उडवेल तेव्हा नोटीस त्यालाच येणार आहे.

घ्यायचीच असेल तर गाडी आधी मेस्ताच्या रॅम्पवर जाऊ दे. मीटरची गोष्ट विक्रीच्या करारात लेखी घे. एनओसी ओरोसहून हातात येईपर्यंत थोडी रक्कम मालकाच्या खात्यात, बाकी नंतर. ताबा ज्या दिवशी घेशील त्या दिवशीची तारीख आणि वेळही करारात लिही. त्याआधीची चलनं त्याची, नंतरची तुझी. ई-चलनाच्या संकेतस्थळावर आजच नंबर टाकून बघ, पर्यटकांची हेल्मेटची नसली तरी वेगाची निघतील.

बेतकीकार

चलनं बघितली. पाच निघाली, त्यातली दोन पणजीची, एक तर रात्री दोनची. सोडली गाडी.

कामावरचा एक सहकारी त्याची जीए-०५ ची वॅगन आर काढतोय. २०१७ ची, एकच मालक, फोंड्यातच सर्व्हिसिंग, मीटर ६२ हजार आणि त्याची बिलं फाइलला लावलेली. ३ लाख १० मागतोय. बँकेचा बोजा अजून आरसीवर आहे, पण कर्ज फिटल्याचं पत्र त्याच्याकडे आहे, ३५ नंबर भरायला तयार आहे. मेस्त, शनिवारी आणली तर बघाल का?

मेस्त, कुडचडे

आण. पण अकराच्या आत, नंतर रॅम्पवर टेम्पो चढतोय. आणि त्याला सांग सकाळी इंजिन सुरू करू नको, तू गेल्यावर तुझ्यासमोर कर. पहिल्या स्टार्टचा धूर तूच बघ, मागून मोबाइलवर व्हिडिओ काढ. फोंड्याहून माझ्याकडे येईपर्यंत ती गरम होणार, मग मी काय बघू?

साखळीची सून

आणि मागच्या काचांची बटणं!